पाझर तलावावरची हिरवी साय आणि वरच्या रानातलं डीएपी

जलसाठा

उन्हाळ्यात पाझर तलावाच्या काठाला ऑइलपेंटचा डबा लवंडल्यासारखी हिरवी साय धरते, कुजका वास सुटतो आणि मग ग्रामपंचायतीत 'काहीतरी औषध टाका' सुरू होतं. औषधाकडे येऊच. आधी हिशेब मांडतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

तलाव १० हेक्टरचा धरू, सरासरी खोली ३ मीटर. पाणी झालं ३ लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर. एकूण फॉस्फरस लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तलाव अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजण्याइतका पोसलेला, धरतात. ३० कोटी लिटरला ३५ मायक्रोग्रॅम म्हणजे साडेदहा किलो.

आता डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खताची ५० किलोची गोणी घ्या. गोणीवर १८:४६:० (नत्र:स्फुरद:पालाश) छापलेलं असतं. हे ४६ शुद्ध फॉस्फरसचे नाहीत, स्फुरदाचे (पी-टू-ओ-फाइव्हचे) आहेत. गोणीत स्फुरद २३ किलो. त्याला ०.४३६ ने गुणलं की शुद्ध फॉस्फरस १० किलो.

म्हणजे अख्ख्या तलावाची पायरी ओलांडायला जवळजवळ एक गोणी पुरते.

वरच्या पाणलोटात १०० हेक्टर सुरू हंगामातला ऊस असेल आणि हेक्टरी ११५ किलो स्फुरदाची शिफारस तंतोतंत पाळली, तर रानात ५,००० किलो शुद्ध फॉस्फरस पडतो. त्यातले शंभरात दोन किलो जरी ओढ्याला लागले तरी १०० किलो. शेतकऱ्याच्या खिशाला हे दोन टक्के जाणवतही नाहीत, तलावाला ते दहापट होतात. त्यातला बराचसा गाळाबरोबर खाली बसतो हे खरं, पण बसलेला तिथेच राहत नाही. तेही पुढे येईल.

ओळख, रानातले उपाय, तलावातले उपाय, पिण्याचं पाणी, ज्याला ज्यातलं कळतं त्याने भर घाला.

शिवारफेरी

फॉस्फरसचंच का घेऊन बसलात? रानात सगळ्यात जास्त जातो तो युरिया. गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के. आणि नत्र पाण्यात विरघळून लगेच वाहतं. डीएपीतलं स्फुरद आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत धरून ठेवलं जातं, हे तर प्रत्येक कृषी सहायक सांगतो.

जलसाठा

शिवारफेरी, नत्राला हवेतून वाट आहे, फॉस्फरसला नाही. १९७३ साली कॅनडात, ओंटारियोमधल्या प्रायोगिक तलावांपैकी २२६ क्रमांकाच्या तलावाच्या मधोमध पडदा लावला गेला. एका भागात कर्ब आणि नत्र, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूचा हा प्रयोग. १ किलो फॉस्फरसवर कोरडं वजन धरून साधारण १०० किलो शेवाळ उभं राहू शकतं, ओलं तर त्याच्या कितीतरी पट.

काचपट्टी

अर्धं बरोबर. हवेतलं नत्र बांधतात ते अ‍ॅनाबिनासारखे शेवाळाचे काही प्रकार. आपल्याकडच्या तळ्यांत ज्याची साय सर्रास दिसते तो मायक्रोसिस्टिस नत्र बांधत नाही, त्याला पाण्यातलंच नत्र लागतं. शिवाय त्याचं विष, मायक्रोसिस्टिन, नत्राने भरलेलं रसायन आहे. म्हणून फॉस्फरस भरपूर असलेल्या तलावात युरियाचं नत्र येऊन पडलं तर विषारी साय वाढायला मदतच होते. फॉस्फरस आधी रोखा हे मान्य, पण युरियाला सोडून देऊ नका.

आता ओळखीचं. 'शेवाळ' या एका शब्दात आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबतो.

काठी बुडवून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर ते तंतुमय हिरवं शेवाळ. पंप आणि ठिबकची गाळणी तुंबवतं, पण सहसा विषारी नसतं. काठीला रंग लागल्यासारखा थर आला तर नीलहरित, म्हणजे सायनोबॅक्टेरिया समजा. ते खरं तर शेवाळ नाहीच, जीवाणू आहेत. नखाएवढी किंवा त्याहूनही छोटी पानं तरंगत असतील तर ते टिकलीगवत (डकवीड) किंवा अझोला, त्याचा वेगळा विषय.

खात्री करायची तर काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावून न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी हिरवा थर वर आला असेल तर नीलहरित, तळाशी बसला असेल तर साधं हिरवं शेवाळ. नीलहरितच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून ते तरंगतं. पाणी हातमोजे घालूनच भरा. सायीला हात लागला तर खाज आणि पुरळ येतं. विष आहे की नाही हे मात्र बरणीही सांगत नाही आणि सूक्ष्मदर्शकही नाही. एकाच जातीचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत.

उलटतपासणी

शेतकऱ्यावर खापर फोडायच्या आधी सांडपाणी बघा. उजनी हिरवी होते त्यात मुळा-मुठा आणि पवनेतून येणाऱ्या शहरी सांडपाण्याचा वाटा किती मोठा आहे हे उघड आहे. गावातली गटारंही ओढ्यालाच सोडलेली असतात. हे ऊसवाल्यांच्या माथी का?

जलसाठा

रास्त मुद्दा. म्हणूनच अंदाज न बांधता ओढ्याकडून उत्तर काढायचं. सांडपाणी बारा महिने सारखं येतं. रानातला फॉस्फरस पावसावर स्वार होऊन येतो. तेव्हा नमुने दोन वेळा घ्या. एकदा एप्रिल-मेमध्ये ओढ्याला जी काही धार असेल तिचा, आणि मग पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत, ओढा चढत असताना. उन्हाळ्यातच आकडा मोठा असेल तर गटार शोधा. उन्हाळ्यात कमी आणि पुरात उसळत असेल तर वरची रानं बघा.

नुसता आकडा पुरत नाही, त्याला प्रवाहाने गुणायचं. १० मीटरचं सरळ अंतर मोजा, अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली सोडा. समजा १२ सेकंद लागले. वेग ०.८३ मीटर, पण पृष्ठभाग जास्त पळतो म्हणून ०.८५ ने गुणा, ०.७ आले. ओढा २ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, म्हणजे सेकंदाला ०.७ घनमीटर. पाण्यात फॉस्फरस लिटरला ०.४ मिलिग्रॅम असेल तर तासाला एक किलो तलावात उतरतोय. दहा तास ओढा असा वाहिला की एक गोणी गेली.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ईरी या तलावाचं उदाहरण इथे चपखल बसतं. १९६०-७० च्या दशकात तो सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटमुळे बिघडला. १९७२ मध्ये अमेरिका-कॅनडाचा करार झाला, सांडपाण्यावर प्रक्रिया वाढली, तलाव सुधारला. मग १९९० च्या मध्यापासून विद्राव्य फॉस्फरस पुन्हा चढू लागला. या वेळी तो मॉमी नदीतून, मका-सोयाबीनच्या रानांतून आला. २०११ च्या वसंतात तिकडे धो धो पाऊस झाला, त्या वर्षी प्रचंड साय. २०१२ ला दुष्काळ, साय अगदी कमी. सांडपाणी दोषी असतं तर दुष्काळात साय अशी आटली नसती.

सरीवरंबा

रानातलं मी लिहितो. ऊस धरूनच, कारण स्फुरदाचा डोस तिथे मोठा.

आडसाली उसाला हेक्टरी ४००:१७०:१७० ची शिफारस आहे आणि लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. स्फुरद-पालाश अर्धं लागणीला, अर्धं मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना). म्हणजे हेक्टरी ८५ किलो स्फुरद ऐन पावसाळ्यात, मोकळ्या रानात पडतं. आणि नेमकं तेच खत बऱ्याच ठिकाणी सरीत वरून टाकून तसंच सोडलं जातं. वरून दणदणीत पाऊस, सरी उताराच्या दिशेने, खालच्या टोकाला बांध फोडून काढलेला चर. हा चर थेट ओढ्याला. यापेक्षा सोपा रस्ता फॉस्फरसला मिळणार नाही.

करायचं काय तर लागणीचा डोस सरीच्या तळात देऊन लगेच मातीआड करायचा. दोन बोटं माती वर आली तरी फरक पडतो, चार बोटं आली तर उत्तम. सरी उताराला आडवी. आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा पाऊस सांगितला असेल किंवा रान आधीच चिबडलेलं असेल तर त्या दिवशी खताची गोणी फोडूच नका. वाफशाशिवाय दिलेलं खत पिकालाही लागत नाही.

खोडव्याला तर आपल्याकडे उत्तम पद्धत आहेच. पाचट न जाळता आच्छादन ठेवायचं आणि पहारीने खत द्यायचं. बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १०-१५ सेंटिमीटर खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर. पहिला डोस तुटीनंतर १५ दिवसांत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. ही पद्धत खत वाचवण्यासाठी सांगितली जाते. पण तलावाच्या बाजूने बघितलं तर तिच्याइतका स्वस्त उपाय नाही. मजूर जास्त लागतात म्हणून लोक पाचटावर खत विस्कटतात. पाचटावर पडलेलं डीएपी मातीला लागतच नाही, पावसाच्या पहिल्या सरीत पाण्याबरोबर निघतं.

आणि सगळ्यात आधी माती परीक्षण. चुनखडीच्या जमिनीत ओल्सन पद्धतीने. उपलब्ध फॉस्फरस हेक्टरी २५ किलोच्या वर असेल तर शिफारशीपेक्षा कमी दिलं तरी चालतं. मात्र अहवालात आकडा फॉस्फरसचा आहे की स्फुरदाचा ते विचारून घ्या. दोन्हींत २.२९ पट फरक आहे आणि तिथेच निम्मे घोटाळे होतात.

बांधावरून

ओढ्याकडेला वाळ्याची (खस) दाट ओळ किंवा १० मीटर गवताचा पट्टा सोडला तर बाकी एवढं करायची गरज नाही. माती अडली की फॉस्फरस अडला.

सरीवरंबा

इथे थांबा. गवताचा पट्टा मातीला चिकटलेला फॉस्फरस अडवतो, विरघळलेला नाही. मातीच्या एका टनात ढोबळमानाने अर्धा किलो फॉस्फरस असतो, तो अडला तर फायदाच. पण शेवाळाला लगेच उचलता येतो तो विरघळलेला. तो पट्ट्यातून गाळून जातो. शिवाय पाणी पट्ट्यावर पसरून आलं तरच उपयोग. एका घळीतून धार लागली असेल तर १० काय, ३० मीटरचा पट्टाही बघत राहतो. आधी घळ बुजवा, मग वाळा लावा, आणि गवत वर्षातून दोनदा कापून बाहेर न्या. नाहीतर ते तिथेच कुजून घेतलेलं परत देतं.

ईरीच्या पाणलोटात हाच धडा महाग पडला. मातीची धूप थांबवायला नांगरट बंद केली, धूप थांबलीही. पण खत वरून विस्कटणं चालूच राहिलं. फॉस्फरस वरच्या बोटभर मातीत साचला आणि रानाखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून विरघळून नदीत गेला. सांगली-कोल्हापुरात क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप निचरा घालतात तो याच जातीचा. जमीन सुधारायला तो हवाच, पण पाइपाचं तोंड थेट तलावाच्या ओढ्यात उघडत असेल तर खताची शिस्त दुप्पट पाळावी लागेल. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगाही पहिल्या पावसात पाइपासारखंच काम करतात.

शिवारफेरी

पटलं. पण यंदाचं काय? रानातली शिस्त लागेपर्यंत तलाव हिरवाच राहणार. मोरचूद टाकला तर आठवड्यात पाणी नितळ होतं असं ऐकतो.

नळपाणी

गावाच्या पिण्याच्या तलावात साय धरलेली असताना मोरचूद टाकू नका. हे ठळक अक्षरांत समजा.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पाम आयलंडवर सॉलोमन धरणात साय आली म्हणून तांब्याचं हेच औषध टाकलं. पेशी फुटल्या, आतलं विष पाण्यात उतरलं आणि सुमारे १५० जण यकृत आणि आतड्याच्या त्रासाने आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं. जिवंत पेशीतलं विष बऱ्याच अंशी पेशीतच असतं. पेशी मेली की ते गाळणीतून आरपार जातं.

हिशेबही बघा. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे या तलावाला ३०० किलो मोरचूद. आपलं पाणी जड, सामू (पीएच) जास्त, त्यामुळे बरंचसं तांबं काम करण्याआधीच कार्बोनेट होऊन बसतं. म्हणून लोक डोस वाढवतात, आणि जिथे पाणी मऊ असतं तिथे त्याच डोसात मासे मरतात. तांबं कुठे जात नाही, गाळात साठतं. मेलेल्या शेवाळातला फॉस्फरसही तिथेच, दोन-तीन आठवड्यांत दुसरी साय तयार.

गावच्या योजनेसाठी काय करता येतं ते असं. पाणी उचलण्याचं तोंड पृष्ठभागापासून दोन-तीन मीटर खाली न्या. साय वरच्या थरात असते, वाऱ्याने एका काठाला जमते, त्या काठाजवळ तोंड नकोच. पार तळाशीही नको, तिथे मँगनीज आणि सडका वास. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कच्च्या पाण्यात आधी टाकायची सवय असेल तर साय असेपर्यंत बंद. आधी तुरटीने निवळवा, वाळूच्या थरातून गाळा, म्हणजे पेशी अख्ख्या बाहेर पडतात. मग क्लोरीन. सामू ८ च्या खाली ठेवून ३० मिनिटांनी लिटरला किमान अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहिलं तर मायक्रोसिस्टिन बऱ्यापैकी मोडतं. गाळण्याची वाळू जास्त वेळा धुवा आणि ते धुण्याचं पाणी परत तलावात सोडू नका.

उकळून काही होत नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात सुमारे चार लाख लोकांना 'पिऊ नका, उकळूही नका' असंच सांगावं लागलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची कायमच्या वापराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. नेहमीच्या पाणी तपासणीत ही चाचणी नसते, वेगळी मागावी लागते.

जनावरांसाठी वाऱ्याच्या उलट बाजूचा काठ मोकळा ठेवा, सायीच्या बाजूला काट्याचं कुंपण. त्यापेक्षा हौदात विहिरीचं पाणी बरं.

गोड्यापाण्यातला

मत्स्यपालन सोसायटीवाल्यांसाठी. साय असलेल्या तलावात मासे मरतात ते बहुतेक पहाटे, आणि दोष विषाला जातो. खरं कारण प्राणवायू. दिवसा शेवाळ तो सोडतं, रात्री ओढून घेतं. ३० अंशाच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅम मावतो. पहाटे तो २-३ वर आला की कटला-रोहू वर येऊन तोंड मारू लागतात. सलग दोन-तीन दिवस ढगाळ गेले किंवा साय एकाएकी पांढरी-तपकिरी पडली की त्या रात्री सावध. खाद्य ताबडतोब बंद, वल्ह्याचे एरेटर रात्री ११ ते सूर्योदय. एरेटर नसेल तर पंपाने पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. दुपारी सामू ९ च्या वर जातो, तेव्हा अमोनियाही घातक होतो. त्यामुळे कोंबडी खत घालून 'प्लवक वाढवू' हा उद्योग या तलावात नको.

बांधावरून

मोरचूद नाही तर तुरटी? पाण्यातला फॉस्फरस बांधते ना ती?

जलसाठा

बांधते, पण सामू ६ ते ८ असेल तरच. भर सायीत दुपारचा सामू साडेनऊ असतो, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि माशांना बाधतं. खरा साठा गाळात आहे. तळाचा प्राणवायू संपला की लोहाने धरलेला फॉस्फरस सुटून वर येतो, म्हणून वरून येणं थांबवलं तरी कित्येक वर्षं तलाव हिरवा राहू शकतो. तो गाळ तुरटीने बांधायचा तर चौरस मीटरला ५० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम धरलं तरी १० हेक्टरला ५ टन, म्हणजे जवळपास ६० टन तुरटी. गावाच्या आवाक्यातलं नाही. वरचा पुरवठा चालू असेल तर पैसे पाण्यातच.

त्यापेक्षा मे महिन्यात तलाव आटतो तेव्हा गाळ काढा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहेच. कोरड्या गाळात टनाला अर्धा ते एक किलो फॉस्फरस मिळू शकतो, तोच वरच्या हलक्या रानात गेला की डीएपीही कमी लागेल. मात्र पाच सेंटिमीटरहून जाड थर नको, आणि तलावाकाठच्या उतारावर ढीग तर अजिबात नको. पहिल्या पावसात सगळा परत. ओढा तलावात शिरतो तिथला गाळ आधी उचला, सगळ्यात कसदार तोच. ज्या तलावात आधी मोरचूद पडलाय तिथला गाळ तांब्यासाठी तपासल्याशिवाय रानात नेऊ नका.

उलटतपासणी

ठीक, ओढ्याचे नमुने घेऊ. बाटली कुठली, किती, कशी?

काचपट्टी

५०० मिलिलिटरची प्लास्टिकची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने विसळलेली. भांड्याच्या साबणाने धुवू नका. एका जागेच्या दोन बाटल्या. एकूण फॉस्फरसची न गाळता, सल्फ्युरिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली, ती २८ दिवस टिकते. विद्राव्यची जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळून, आम्ल न घालता, बर्फात, ४८ तासांत प्रयोगशाळेत. गढूळ पुराच्या पाण्यात फिल्टर दोन-तीन सिरिंजांतच तुंबतो, जास्तीचे न्या. बाटली ओढ्याच्या मधल्या धारेत, तोंड प्रवाहाकडे, तळ न ढवळता.

उलटतपासणी

गेल्या वर्षीच्या एका अहवालात 'फॉस्फेट ०.९' लिहिलंय. म्हणजे जलसाठा यांच्या ०.४ च्या दुप्पट?

काचपट्टी

नाही. तो पूर्ण फॉस्फेटचा आकडा आहे, फॉस्फरसचा नव्हे. ३.०६ ने भागा, ०.२९ येईल. आणि तो गाळलेल्या पाण्याचा आहे की न गाळलेल्या, हे प्रयोगशाळेला फोन करून विचारा, अहवालात लिहिलेलं नसतं.